पाळणाघरातल्या पिसवा

माझी वहिनी खरं तर कुणाचीच मावशी नाही, पण आमच्या इमारतीत तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. पाळणाघरातली पोरं मावशी म्हणतात, पोरांच्या आया मावशी म्हणतात, आणि दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबाही मावशीच म्हणतात, जे वयानं तिच्या वडलांपेक्षा मोठे आहेत. मी तिची नणंद. पडद्यांच्या दुकानात नोकरी करते. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून माझ्यातला सगळा गोडवा तिथंच संपतो आणि घरी उरतं ते फटकळ तोंड, असं दादा म्हणतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही.

वहिनी आधी मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. मोजा हातावर चढवायचा, उजेडाकडे धरायचा, मनगट फिरवायचं; सुटलेला टाका असेल तर तिच्या नजरेतून सुटायचा नाही. कारखाना बंद पडला तेव्हा जोडी नसलेल्या पांढऱ्या मोज्यांचं एक खोकं घेऊन ती घरी आली. दादा म्हणाला, आता आराम कर. आराम तिला मानवतच नाही. महिन्याभरात तिनं पुढच्या खोलीतलं सगळं सामान मागे ढकललं, खाली सतरंज्या अंथरल्या आणि पाळणाघर सुरू केलं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. चालू वस्तू केव्हा बंद पडेल हे आपल्याला आधी कळतं असा त्याचा समज आहे. हे फार दिवस चालायचं नाही, असं त्यानं तेव्हा सांगून ठेवलं होतं. पाळणाघर चाललं, आणि असं चाललं की पोरं ठेवायला जागा पुरेना.

तिची एक पद्धत होती. पोरांना दुपारी झोपवायचं ते प्रत्येकाच्या स्वतःच्या घरच्या चादरीवर. घरचा वास आला की पोर बिनघोर झोपतं, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच झोपायचं. उठल्यावर सगळ्या चादरी घडी करून एका मोठ्या वेताच्या टोपलीत ठेवायच्या आणि आठवडा संपला की ज्याची त्याला धुवायला घरी पाठवायच्या. या टोपलीत दिवसभर दादाचा बोका झोपायचा. त्याचं नाव साहेब. लिफ्टच्या खड्ड्यात सापडलेलं पिल्लू दादानं घरी आणलं होतं आणि ते वाढून साहेब झालं होतं. चादरींच्या मऊ ढिगाऱ्यावर लोळणारं मांजर पोरांना आवडायचं, आम्हालाही आवडायचं.

मग साहेब खाजवायला लागला. मानेच्या केसांत काळी पूड दिसायला लागली. वहिनीनं दुकानातून पावडर आणून त्याला चोळली आणि विषय संपला असं आम्ही धरलं. दोन-तीन पोरांच्या घोट्यांवर लाल ठिपके आले होते. डास, म्हणालो आम्ही. त्यांच्या आयाही डासच म्हणाल्या.

त्याच सुमारास इमारतीची पाण्याची टाकी फुटली. नवी बांधून होईपर्यंत थेंबभर पाणी मिळणार नव्हतं, म्हणून सगळी बिऱ्हाडं नातेवाइकांकडे पांगली. आम्ही वहिनीच्या माहेरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. पोरांच्या चादरी पोरांबरोबर घरी गेल्या. साहेबाला दादानं कंपनीच्या गोदामात सोडलं, तिथं उंदरांचा सुकाळ होता. जाताना कुलूप लावता लावता दादा म्हणाला, "मेन स्विच बंद केल्यावर लिफ्ट हलते का? घरात माणूस नाही, मांजर नाही. खायलाच मिळालं नाही तर पिसवा उपाशी मरतील." मला ते पटलं. वहिनीलाही पटलं, आणि एवढं एकच तिनं कधी उजेडाकडे धरून पाहिलं नाही.

टाकी बांधायला महिन्याच्या वर वेळ गेला. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत एक नवं पाळणाघर उघडलं. भिंतींवर रंगीत ससे, आत घसरगुंडी, आणि दिवसभर आयांच्या फोनवर पोरांचे हसरे फोटो. आमची दोन पोरं तिकडे गेलीसुद्धा. उरलेल्यांच्या आया वहिनीला फोन करून विचारत होत्या, कधी उघडताय? ती तारीख सांगायची. पोरं गेली तर माझ्याकडे काय राहिलं, असं ती एकदा मला म्हणाली. तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं असं ते एकच होतं.

पाळणाघर सोमवारी उघडायचं होतं. आम्ही शनिवारी दुपारी परत आलो. घरात कोंदट वास होता. मी खिडक्या उघडल्या, दादानं पिशव्या आत आणल्या, वहिनी सतरंज्यांवरची धूळ बघत उभी राहिली. माझी सलवार फिक्या रंगाची होती. पायाला काहीतरी चावलं म्हणून खाली पाहिलं तर घोट्यापासून पोटरीपर्यंत मोहरीच्या दाण्याएवढे काळे ठिपके होते, आणि मी हात पुढे केला तसे ते उडाले. मी किंचाळले. मी सहसा किंचाळत नाही.

आम्ही तिघंही दाराबाहेर धावलो. पायऱ्यांवर उभे राहून एकमेकांच्या पायांवरून पिसवा झटकत होतो आणि वरच्या मजल्यावरून कुणी खाली येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होतो. दादा सारखा म्हणत होता, मांजर नाही, माणूस नाही, मग ह्या जगल्या कशावर?

वहिनीनं खोक्यातले पांढरे मोजे काढले, गुडघ्यापर्यंत चढवले आणि एकटी आत गेली. आतली खोली बंद होती, तिथं आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. ती दार उघडून उंबऱ्यावर थांबली, पाय पुढे करून जमिनीला टेकवला, मोजा पाहिला. काही नाही. मग आत जाऊन तिनं चार-पाच वेळा जोरात पाय आपटले आणि उभी राहिली. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा पांढऱ्या मोज्यांवर काळे दाणे होते.

"झोपल्या होत्या," ती म्हणाली. "पोरं कशी पाऊल वाजलं की जागी होतात. आपण येऊन उठवल्या."

दादानं साहेबाच्या डॉक्टरांना फोन लावला. जनावरांचे डॉक्टर, त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. मांजराच्या अंगावरून अंडी खाली पडतात, म्हणाले, फटींत आणि सतरंज्यांत अळ्या होतात, अळ्या कोष करून बसतात, आणि कोषातली पिसू माणसाची चाहूल लागेपर्यंत थांबून राहते, कधी कधी कित्येक महिने. कोषात औषध शिरत नाही. चालत राहा, त्यांना बाहेर काढा, व्हॅक्यूम फिरवत राहा, मांजराच्या मानेवर मी देतो ते थेंब टाका, नुसत्या पावडरीनं काही होत नाही. आणि एका दिवसात संपेल अशी आशा धरू नका.

पण आमच्याजवळ दीडच दिवस होता. दादानं बाजारातून फवाऱ्याचे दोन डबे आणले. वहिनीनं ते त्याच्या हातातून काढून घेतले. तिच्याकडे रांगणारं एक पोर होतं, जमीन चाटायची त्याला हौस होती. दादा वैतागला, मग काय पिसवांची विनवणी करायची का? ती व्हॅक्यूम क्लीनर ओढत आली.

पुढचे काही तास आम्ही वेड्यांसारखे वागलो. तिघांनी पांढरे मोजे चढवले आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाय आपटत चाललो, म्हणजे झोपलेल्या पिसवा जाग्या व्हाव्यात. खालच्या पेन्शनर आजोबांनी वर येऊन विचारलं, काय चाललंय? व्यायाम, मी म्हणाले. ते माझ्या मोज्यांकडे बघत खाली गेले. मागोमाग व्हॅक्यूम. कपाटाखाली, दिवाणाखाली, भिंत आणि फरशी मिळते तिथल्या फटीत, जिथं हात जात नाही तिथं बारीक नळी. प्रत्येक फेरीनंतर व्हॅक्यूमची पिशवी थेट खाली नेऊन, तोंड बांधून, कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकायची. सतरंज्या गच्चीवर, गाद्यांच्या खोळी कडकडीत पाण्यात. संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याची थाळी ठेवली. सकाळी तिच्यात पिसवा बुडालेल्या होत्या आणि दादा त्या मोजत होता, जणू मोजल्यानं कमी होणार होत्या.

रविवारी दुपारपर्यंत मोज्यांवर पाच-सहाच दिसायला लागल्या. दादा खूश झाला. म्हणाला, उद्या पोरं आली तर एखाददुसरी चावेल, डासच समजतील. मला खोटं बोलायचं नाही, मलाही हायसं वाटलं होतं. आयांना कळलं तर त्या घसरगुंडीकडे धावत सुटतील हे काय मला कळत नव्हतं?

वहिनी तेव्हा वेताची टोपली धुवायला बसली होती. विणीच्या फटींतून तिनं ब्रशनं कचरा काढला. मिठाच्या कणांसारखी अंड्यांची पांढरी टरफलं आणि काळी पूड. त्यातली पूड तिनं ओल्या कापसावर घेतली. कापूस तांबडा झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे साहेबाचं रक्त. वहिनीचे हात थांबले.

"चादरी," ती म्हणाली.

दादाला कळलं नाही. मला कळलं. साहेब महिनोन्‌महिने त्याच टोपलीत, त्याच चादरींवर झोपत होता. त्या चादरी घडी करून आम्हीच प्रत्येक घरी पाठवल्या होत्या. कुणी धुतल्या असतील, कुणी नुसत्याच कपाटात कोंबल्या असतील, कुणी पोरांच्या बिछान्यात घातल्या असतील.

दादानं तिला समजावलं, मग आवाज चढवला. "पिसवांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. त्यांच्या घरी असल्या तरी त्या इथून गेल्या हे कोण सांगणार? तू सांगितलं नाहीस तर कुणीच नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची काय हौस आहे तुला?"

वहिनी कापूस हातात धरून बसली होती. "पोरं खाजवून बेजार झाली असतील," ती म्हणाली, "आणि आया डासांचं मलम लावत बसल्या असतील. जोवर त्यांना माहीत नाही, तोवर त्या घरच्या काढणार कोण?"

मी म्हणाले, वहिनी, पोरं जातील. सगळी जातील. तिनं मान हलवली. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.  त्या संध्याकाळी व्हॅक्यूम तिनं आणखी दोनदा फिरवला.

सोमवारी सकाळी ती दार ओढून बाहेर पायऱ्यांजवळ उभी राहिली. मी कामावर उशिरा जायचं ठरवून तिच्या मागे उभी होते. पहिली आली ती कंडक्टरबाई. बसवर ड्यूटी, गणवेश अंगावर, कडेवर टिल्ली. टिल्ली म्हणजे अडीच वर्षांचं एवढंसं पाखरू, मावशी दिसली की कडेवरूनच झेप घेणारं. ती झेपावली, आणि वहिनीनं हात मागे घेतले. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आत आणू नका तिला," वहिनी म्हणाली. "घरात पिसवा आहेत. मांजराच्या. आणि तुमच्या घरी चादर गेली, तिच्यातून तिकडेही गेल्या असतील. चूक माझी आहे."

कंडक्टरबाईनं टिल्लीला कडेवर आवरून धरलं. मग म्हणाली, अगदी हळू, "महिनाभर माझ्या सासूबाई म्हणतायत की मी बसमधून घाण घरी आणते. मी जिन्यात गणवेश बदलते, मावशी. जिन्यात उभी राहून. आणि ते तुमच्या चादरीतून आलं होतं?"

वहिनी हो म्हणाली. घरच्या पिसवा कशा काढायच्या ते ती सांगायला लागली तोवर कंडक्टरबाई जिना उतरत होती. टिल्ली खांद्यावरून मागे बघत हात पसरून रडत होती. तो आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू येत राहिला. वहिनीनं कठडा धरला होता, तिची बोटं पांढरी पडली होती.

मग जुळ्यांचे वडील आले. बँकेतले, सभ्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, धन्यवाद म्हणाले, दोन्ही हातांना दोन्ही पोरं धरून खाली उतरले आणि खालीच उभं राहून फोनवर पोरांच्या आयांच्या ग्रुपला काहीतरी लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. बाकीच्यांना जिना चढायची गरजच पडली नाही. दुकानात पोचल्यावर वहिनीचा फोन आला, बाकी कुणीच नाही आलं गं. बस, एवढंच.

त्यानंतर घर इतकं शांत झालं की मला संध्याकाळी घरी यावंसं वाटेना. वहिनी मात्र थांबली नाही. रोज मोजे, रोज व्हॅक्यूम. साहेब मानेवर थेंब टाकून गोदामातच ठेवलेला. कोषांतून पिसवा टप्प्याटप्प्यानं निघत होत्या. एक दिवस मोजे कोरे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. दादा कुरकुरत का होईना, फरशीच्या फटी बुजवायला लागला. आणि संध्याकाळी वहिनी आपला व्हॅक्यूम उचलून पोरांच्या घरी जायची. दारात उभी राहून सांगायची, माझ्यामुळं आल्या, मी काढून देते. एका घरानं आत घेतलं. एकानं बाहेरूनच सगळं विचारून घेतलं आणि दार लावलं. जुळ्यांच्या वडलांनी निरोप पाठवला की कृपया येऊ नका. एक आई तर सरळ म्हणाली, आता तुमचं पाळणाघर कसलं चालतंय. वहिनी तिथून आली तेव्हा चप्पल काढायचंही विसरली होती. मला त्या बाईच्या घरी जाऊन चार शब्द ऐकवावेसे वाटत होते. वहिनीनं जाऊ दिलं नाही.

कंडक्टरबाईकडे जायचं ती टाळत होती. शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी मी बरोबर गेले, व्हॅक्यूमची एक बाजू धरून. जिने चढताना वहिनी दोनदा थांबली. दार कंडक्टरबाईनंच उघडलं. गणवेशातच होती, ड्यूटीवरून नुकती आली असावी. आत या म्हणाली नाही. वहिनीनं विचारलं, अजून आहेत का? ती म्हणाली, नाहीत. सगळं कडक पाण्यात धुतलं, सासूबाईंना तुम्ही सांगितलेलं सगळं सांगितलं, आता घर स्वच्छ आहे. वहिनी बरं म्हणाली. मग आम्ही वळलो.

"टिल्ली तिकडे जाते," कंडक्टरबाई मागून म्हणाली. "त्या नव्या ठिकाणी."

वहिनी थांबली. टिल्ली बरी आहे ना, एवढंच तिनं विचारलं.

"रोज विचारते मी, दुपारी झोपली का? रोज सांगतात, हो, छान झोपली. आणि घरी येते ती डोळे लाल करून, जेवता जेवता कोसळते. जेवली का विचारलं तरी हो. रडली का, नाही. फोटोत हसते." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "मी तुमच्यावर फार चिडले होते, मावशी. अजून आहे. पण दुपारी बसमधून फोन केला की मला तुमच्या तोंडचं ऐकायची सवय आहे, झोपली नसली तर नाही झोपली म्हणायचात. तुम्ही जे सांगाल ते खरं, एवढं मला कळतं. सोमवारपासून माझी सकाळची पाळी आहे. आणू का तिला?"

मला वाटलं, सुटलो एकदाचे. वहिनी आता हो म्हणणार, आणि या एका पोरीमागून बाकीची येतील.  आतून टिल्लीचा आवाज येत होता, कुणाशी तरी हट्ट करत होती. वहिनी त्या आवाजाकडे बघत उभी राहिली.

"नका आणू," ती म्हणाली. "काल एक दिसली मोज्यावर. एकच होती. पण होती."

मला तिचा इतका संताप आला की व्हॅक्यूम हातातून सोडून द्यावासा वाटला. कंडक्टरबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मोजे कोरे निघाले की कळवा. तोवर मी रजा टाकते, तिला घरीच ठेवते. थांबते मी."

दार लागलं. पहिला जिना उतरेपर्यंत मी दम धरला, मग तोंड सोडलं. एक पिसू, म्हणाले, एका पिसवेसाठी समोर आलेलं ताट लाथाडलंस, वेडी आहेस का तू? मी आणखीही बरंच बोलले. वहिनी पायरीवर बसली. इतक्या दिवसांत, ती पोरं गेली त्या सकाळीसुद्धा, ती रडली नव्हती. आता गुडघ्यांवर डोकं टेकवून ती हमसून हमसून रडायला लागली आणि मला माझं बोलणं पुढे नेता येईना. मी शेजारी बसले.

"थांबते म्हणाली ती," वहिनी म्हणाली. "ऐकलंस ना तू?"

ऐकलं, मी म्हणाले.